विश्लेषण : लूट ज्याच्या हाती त्याची की सरकारजमा? शिवरायांनी खजिन्याचा प्रश्न कसा सोडवला?

नवी मुंबई : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ 1974 मध्ये आला. त्यात राक्षस मारला की खजिना मिळतो. तो किती, हे फासे टाकून ठरवायचे की खेळ चालवणाऱ्याने आधीच योजून ठेवायचे, यावर खेळाडूंत आजही दोन तट आहेत. फाशात उत्कंठा असते. पण जिवावर उदार होऊन लढलेल्याला तांब्याची नाणी आणि मागे राहिलेल्याला रत्ने, असेही होऊ शकते. सतराव्या शतकात हाच पेच खऱ्या सैन्यापुढे होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी त्यावर काय उपाय केला?

पहिला खजिना कुठे गेला?
शिवरायांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर झाला. तरुण वयातच त्यांनी तोरणा घेतला. गडाच्या दुरुस्तीत पुरलेले धन सापडले आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागले, असे बखरी सांगतात. अवचित मिळालेला पैसा वाटला न जाता राज्याचे भांडवल झाला. ऑक्टोबर 1657 मध्ये नवी मुंबईशेजारचे कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आले. पुढे कल्याणच्या खाडीत आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली.

नियम काय होता?
त्या काळी सरदाराला जहागीर मिळे आणि त्याने फौज बाळगायची, अशी रीत होती. शिपायाचे पोट सरदाराच्या मर्जीवर आणि हाती लागलेल्या लुटीवर. यात दोन धोके होते. लुटीसाठी शिपाई फळी मोडतो आणि लूट नसेल तेव्हा तो रयतेवर हात टाकतो.

शिवरायांनी रोख पगाराकडे आणि मुलखाच्या वसुलावरील वरातीकडे वळण घेतले. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीनुसार लष्कर पावसाळ्यात छावणीत राही आणि दसऱ्याला मोहिमेवर निघे. निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होई, परतताना झडती. जास्तीचे सोने, चांदी, जवाहीर, उंची कापड सरकारात जमा करावे लागे. कोणी वस्तू ठेवून घेतली, तर तिची किंमत पगारातून वळती होई.

मग शौर्याचे मोल काय?
ते ठरलेले होते. 10 नोव्हेंबर 1659 च्या प्रतापगडाच्या लढाईत 65 हत्ती आणि 4 हजार घोडे हाती आल्याची नोंद सभासद करतो. त्यानंतरचे बक्षीस मात्र जखम पाहून दिले गेले : 25, 50, 100 किंवा 200 होन. मृतांच्या मुलांना चाकरीत घेतले, मुलगा नसेल तर पत्नीला निम्मे वेतन लावून दिले. पराक्रम गाजवणाऱ्यांना हत्ती, घोडे, कडी मिळाली. लढाईत काय हाती लागले यापेक्षा कोणी काय सोसले, हा हिशेब होता.

नियमाची कसोटी कधी लागली?
शाहिस्तेखान 1660 ते 1663 पुण्यात तळ देऊन होता. मुलूख उजाड झाला. जानेवारी 1664 मध्ये शिवरायांनी सुरत लुटली, ती लूट राजगडावर आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. ऑक्टोबर 1670 मध्ये सुरत पुन्हा लुटली गेली.

मे 1673 मध्ये चिपळूणजवळच्या छावणीला शिवरायांनी कडक पत्र धाडले. दाणा-वैरण जपून वापरा, लागेल ते बाजारातून विकत घ्या, शेतकऱ्याच्या काडीलाही हात लावू नका, असा त्याचा आशय. पगार हातात दिला असल्यानेच अशी ताकीद देता येत होती. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला.

त्यांच्यानंतर काय झाले?
3 एप्रिल 1680 रोजी शिवरायांचे रायगडावर निधन झाले. 1689 मध्ये औरंगजेबाने संभाजीराजांना ठार केले. राजाराम महाराज जिंजीला गेले. खजिना रिता होता, पगार देणे अशक्य. मग सरदारांना वतने आणि अजून जिंकायच्या मुलखाच्या सनदा मिळू लागल्या. जो जिंकेल त्याचा मुलूख, या आशेने सरदार लढत राहिले आणि राज्य टिकले. मात्र त्याच सनदांच्या बळावर ते पुढे स्वतंत्र सत्ताधीशांसारखे वागू लागले. छत्रपतींच्या हातून खजिन्याची किल्ली सुटण्याची ती सुरुवात होती.