बधिरांची भाषा शिकणारे गुरू : आबे द लेपे

नवी दिल्ली, २३ सप्टेंबर : बधिर व्यक्तीशी संवाद साधायचा, तर आधी तिची भाषा आपण शिकली पाहिजे, हा विचार सुमारे अडीच शतकांपूर्वी शाळेच्या रूपाने प्रत्यक्षात आणणारे फ्रेंच धर्मगुरू म्हणजे शार्ल-मिशेल द लेपे. आजच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनी त्यांचे स्मरण उचित ठरते.

लेपे यांचा जन्म २४ नोव्हेंबर १७१२ रोजी व्हर्साय येथे झाला. धार्मिक मतभेदांमुळे चर्चमधील त्यांची वाटचाल खुंटली. मधल्या काळात त्यांनी कायद्याचेही शिक्षण घेतले.

१७६० च्या सुमारास पॅरिसमधील एका घरी ते गेले असता, शिवणकामात गढलेल्या दोन बहिणींनी त्यांच्या बोलण्याला उत्तरच दिले नाही. हा उद्धटपणा असावा, असे त्यांना वाटले. आई घरी परतल्यावर उलगडा झाला, की दोघी बधिर आहेत आणि त्यांना शिकवणाऱ्या धर्मगुरूंचे निधन झाले आहे. चरित्रकारांनी नोंदवलेल्या या प्रसंगाने लेपे यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

त्यांनी राहत्या घरीच विनामूल्य शाळा सुरू केली. मुलांनी उच्चार शिकावेत, यावर त्या काळी अनेक शिक्षकांचा भर होता. लेपे यांनी मात्र मुलांच्या हातवाऱ्यांपासून सुरुवात केली. १७७६ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे वर्ग सर्वांसाठी खुले असत. सम्राट दुसरा जोसेफ यानेही तेथे भेट दिली आणि पुढे व्हिएन्नात तशीच शाळा उभी राहिली.

त्यांच्या कार्याला मर्यादाही होती. लेपे हे सांकेतिक भाषेचे जनक नव्हेत. पॅरिसमधील बधिरांची स्वतःची भाषा आधीपासून होती, हे पिएर देलोज या बधिर पुस्तकबांधणी कारागिराने १७७९ मध्ये पुस्तक लिहून ठणकावले. लेपे यांनी त्या भाषेला फ्रेंच व्याकरणाच्या साच्यात बसवण्यासाठी कृत्रिम खुणांची भर घातली. हा बोजड भाग पुढे मागे पडला, मूळ भाषा मात्र टिकली.

१७८८ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात वृद्ध लेपे मुलांसाठी पैसे वाचावेत म्हणून खोलीत शेकोटीही पेटवत नसत. अखेर विद्यार्थ्यांनीच आर्जवे करून त्यांचे मन वळवले. २३ डिसेंबर १७८९ रोजी त्यांचे निधन झाले. १७९१ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने शाळेची जबाबदारी स्वीकारली.

याच शाळेत घडलेले बधिर शिक्षक लोराँ क्लेर १८१६ मध्ये अमेरिकेला गेले. पुढच्याच वर्षी हार्टफर्ड येथे त्यांच्या सहभागाने बधिरांची शाळा सुरू झाली. भारतातही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सांकेतिक भाषेला संवादाचे माध्यम म्हणून स्थान दिले आहे. समोरच्याच्या मौनाला उद्धटपणा समजण्याची चूक लेपे यांच्याकडूनही झाली होती. ती उमगताच ते शिकू लागले, यातच त्यांचे मोठेपण आहे.