डॉ. पंजाबराव देशमुख आणि विद्यार्थ्याच्या अन्नाचा प्रश्न

होतकरू मुलास विद्येसाठी परमुलखी पाठवावयाचे म्हटले की पहिली अडचण येते ती बुद्धीची नव्हे, पैशाची. चीनच्या बादशाही सरकारने १८७२ पासून १२० मुले अमेरिकेस धाडली व त्यांच्या राहण्याजेवण्याचा भार राजकोशावर घेतला. परंतु मुले परक्या वळणाची होत चालली असा जुन्या मताच्या अधिकाऱ्यांस धसका बसून १८८१ साली त्या सर्वांस परत बोलाविण्यात आले. आपल्याकडे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर यांस शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठविले हे सर्वश्रुत आहे. पण तिची मुदत सरताच आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतावे लागले. राजाश्रय असताही ही स्थिती! मग ज्याच्या पाठीशी ना दरबार ना संस्थान, अशा वऱ्हाडी शेतकऱ्याच्या मुलाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

पंजाबराव देशमुख हे असेच शेतकऱ्याचे मूल. अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती आणि मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज असे त्यांचे शिक्षण मजल दरमजल झाले. १९२० साली विलायतेस जाण्याचे ठरले तेव्हा वडील शामराव यांनी जमीन गहाण टाकून पैसा उभा केला. गहाणखत म्हणजे काय हे आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. एक हंगाम बुडाला वा कापसाचा भाव उतरला की व्याज मुद्दलाच्या पुढे धावू लागते, आणि विलायतेतील मुलाचा खर्च मात्र पावसाची वाट पाहत थांबत नाही. पुढे एडिंबरो येथे पंजाबरावांनी संस्कृतच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळविली व घरावरील ओझे काहीसे हलके झाले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला; तो १९३३ साली ऑक्सफर्डच्या छापखान्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कुणब्याच्या मुलाने वेदांवर लिहावे ही गोष्ट तेव्हा पुष्कळांस रुचली नसेल.

१९२६ साली ते बॅरिस्टर होऊन स्वदेशी परतले. अमरावतीस वकिली थाटून घरचे कर्ज फेडावे व सुखाने राहावे, असा मार्ग त्यांस मोकळा होता. वकिली त्यांनी केलीही. परंतु १९२७ च्या सुमारास त्यांनी अमरावतीत सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरिता श्रद्धानंद छात्रालय उघडले, आणि आमच्या मते त्यांच्या चरित्राची किल्ली येथेच आहे.

त्याचे कारण असे. शाळेची फी माफ झाली म्हणजे गरिबाचे शिक्षण सुटले, अशी शहरी गृहस्थांची समजूत असते. खेड्यातून आलेल्या मुलास फीच्या आधी दोन वेळच्या भाकरीची व अंग टाकण्यापुरत्या जागेची विवंचना असते. गरीब ब्राह्मण मुलास वार लावून जेवण्याची किंवा माधुकरी मागण्याची वाट तरी होती. कष्टाची खरी, मानहानीचीही, पण वाट होती. कुणबी, माळी, महार यांच्या मुलांस तीही नव्हती. परजातीच्या घरी पानावर कोण बसविणार? तेव्हा एका छपराखाली सर्वांनी राहावे व एका पंक्तीस जेवावे, ही व्यवस्था म्हणजे निव्वळ धर्मादाय नव्हता. जातिभेदाच्या मुळावरच तो घाव होता. याच वर्षी अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून जी चळवळ झाली तीतही ते आघाडीवर होते, आणि स्वतःचा विवाहही त्यांनी जातीबाहेर, विमलाबाई वैद्य यांच्याशी केला.

येथे थोडे विषयांतर करितो. दाते इमारतीस देणगी देतात, कारण तीवर नावाची शिळा बसते. ताटातील वरणभातावर कोणाचेच नाव लिहिता येत नाही, म्हणून वसतिगृहाची भोजनशाळा नेहमी तुटीत चालते. ती चालविण्यास उदारपणाहून चिकाटी अधिक लागते.

ही चिकाटी पंजाबरावांनी सरकारी सत्तेतही दाखविली. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी शिक्षणाचा कर वाढविला, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा पुरस्कार केला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. कर वाढविणारा पुढारी लोकप्रिय होत नाही हे त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. १९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. शेतकऱ्यांच्या कर्जाचा निवाडा लवादाने व्हावा म्हणून १९३३ साली जो कायदा झाला, त्यासाठीही त्यांनी परिश्रम घेतले. सावकारवर्गाने त्यांस दूषण दिले. पण ज्याचे स्वतःचे शिक्षण गहाणखतावर झाले होते, त्याने ऋणको शेतकऱ्याची बाजू घेतली यात नवल ते काय?

पुढे घटना समितीत व १९५२ ते १९६२ पर्यंत केंद्रीय कृषिमंत्रिपदी त्यांनी केलेले कार्य दिल्लीच्या इतिहासात नमूद आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही. १० एप्रिल १९६५ रोजी त्यांचे देहावसान झाले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले व त्यास त्यांचे नाव देण्यात आले. त्या विद्यापीठातही गावोगावची मुले वसतिगृहात राहून शिकतात.