दुर्गेच्या जन्मामागचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय

शारदीय नवरात्र सुरू होत असताना, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यातील एका मारवाडी कुटुंबात मुलगी जन्मली. सणाला शोभेल असे दुर्गा हे नाव तिला मिळाले. शरीराबाहेर फलित झालेल्या बीजांडातून जन्मलेले ते भारतातील पहिले मूल होते. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडमधील लुईस ब्राऊन, तिच्याहून अवघी दहा आठवड्यांनी मोठी. दुर्गेच्या जन्मामागे ज्यांचे संशोधन होते, ते डॉ. सुभाष मुखोपाध्याय पुढे तीन वर्षेही जगले नाहीत.

हजारीबाग येथे १६ जानेवारी १९३१ रोजी जन्मलेल्या सुभाषबाबूंनी कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेतले. प्रजननाच्या शरीरक्रियेवर तेथेच पीएच.डी. मिळवली आणि १९६७ मध्ये एडिंबरा येथे प्रा. जॉन लोरेन यांच्या मार्गदर्शनाखाली संप्रेरकशास्त्रात दुसरी. परतल्यावर ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करू लागले.

मानसिक ताणाचा स्त्रीच्या प्रजननक्रियेवर होणारा परिणाम हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय होता. मन धास्तावले की मेंदूतून निघालेला संदेश पिट्युटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो आणि रक्तात कॉर्टिसॉल वाढते. हा ताण तीव्र आणि दीर्घकाळ राहिला, तर बीजांड पक्व करून सोडणाऱ्या संप्रेरकांची लय बिघडू शकते, पाळीही चुकू शकते. मूल होत नाही म्हणून आधीच टोमणे सोसणाऱ्या स्त्रीला त्यावर इंजेक्शने, तपासण्या आणि दर महिन्याची प्रतीक्षा सोसावी लागते. मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांवरील १४ अभ्यास २०११ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा उपचारापूर्वीच्या चिंतेमुळे गर्भधारणेची शक्यता घटते असे आढळले नाही. उपचार फसला की तूच फार काळजी करतेस असे तिला सुनावणाऱ्या घरच्यांना शास्त्राचा आधार नाही.

सुभाषबाबूंची पद्धत इंग्लंडमधल्या पद्धतीहून वेगळी होती. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी निसर्गक्रमाने पक्व झालेले एकच बीजांड पोटात दुर्बीण घालून काढले होते. सुभाषबाबूंनी ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून मिळवलेल्या संप्रेरकाची इंजेक्शने देऊन एकाहून अधिक बीजांडे वाढवली आणि ती योनीमार्गाने बाहेर घेतली. पण अशा औषधांनी गर्भाशयाचे अस्तरही बदलते, त्या महिन्यात ते भ्रूण स्वीकारायला अनुकूल असेलच असे नाही. म्हणून त्यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवले आणि स्त्रीचे शरीर आपल्या नैसर्गिक चक्रावर परतल्यावर ते गर्भाशयात सोडले. गोठवण्याचे काम सुनीत मुखर्जी यांचे, तर स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून सरोजकांती भट्टाचार्य सोबत होते. साधने तुटपुंजी होती. गोठवलेल्या भ्रूणापासून ऑस्ट्रेलियात मूल जन्मले ते १९८४ मध्ये. आज भ्रूण गोठवून पुढच्या चक्रात सोडणे ही वंध्यत्व उपचारातील नित्याची पद्धत आहे.

वृत्तपत्रांत बातमी झळकली आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. समितीच्या अध्यक्षपदी रेडिओ-भौतिकीचे तज्ज्ञ होते, यावर वेगळे भाष्य नको. पुरावा मागितला गेला, परंतु सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ते मूल आणि त्याची आई. लोक काय म्हणतील या धास्तीने त्या कुटुंबाला प्रसिद्धी नको होती. सुभाषबाबूंनी त्यांना उजेडात ओढले नाही. समितीने दावा खोटा ठरवला. जपानमधील क्योटो विद्यापीठाचे निमंत्रण आले, पण सरकारी नोकर असल्याने त्यांना जाण्याची परवानगी मिळाली नाही. पुढे हृदयविकाराचा झटका आला. जून १९८१ मध्ये तर स्त्रीच्या संप्रेरकांवर आयुष्य वेचलेल्या या संशोधकाची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. मागे पत्नी नमिता राहिल्या.

रमापद चौधुरी यांनी त्यांच्या जीवनावरून बंगाली कादंबरी लिहिली आणि तिच्यावर तपन सिन्हा यांनी ‘एक डॉक्टर की मौत’ हा हिंदी चित्रपट काढला. तरी अधिकृत नोंद बदलली नव्हती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा जन्मली, आणि देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचेच नाव सर्वतोमुखी झाले. पुढे १९९७ मध्ये आनंदकुमार यांच्या हाती सुभाषबाबूंची टिपणे आली. ती बारकाईने तपासून त्यांनी आपल्याच कामाचे पहिलेपण मागे घेतले आणि तो मान सुभाषबाबूंचा असल्याचे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकातून जाहीर केले. वैज्ञानिकांच्या जगात असे औदार्य क्वचितच दिसते.

एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या सात वर्षे आधी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास दुर्गा, म्हणजे कनुप्रिया अगरवाल, स्वतःहून लोकांसमोर आली होती.