श्रीमंत सयाजीराव महाराज आणि कलाभवन

बडोद्याच्या मराठी माणसाला सयाजीराव महाराजांची ओळख नव्याने करून द्यायची गरज नाही. तरी आज घराघरातली मुले कॉम्प्युटर आणि इंजिनिअरिंगकडे वळत असताना त्यांच्या कार्याची एक बाजू आवर्जून आठवावीशी वाटते.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव गोपाळराव. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहिता-वाचताही येत नव्हते. पुढे कसून शिक्षण झाले आणि १८८१ मध्ये राज्यकारभार हाती आला. शिक्षणाने माणूस किती बदलतो हे ते स्वतःवरूनच जाणत होते.

अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होत नसत, तरी शाळा बंद केल्या नाहीत. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले.

१८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले. कापड रंगवणे, यंत्रकाम, सुतारकाम असे विषय तिथे शिकवले जात, आणि तेही मातृभाषेतून. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराचा मुलगा तंत्रज्ञानापासून दूर राहू नये, हा त्यामागचा विचार. दादासाहेब फाळके इथेच शिकले. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा या कलाभवनातूनच वाढली.

१९१३ मध्ये महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण शहरात त्यांना राहायला घर मिळेना. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले आणि अखेर बडोदे सोडावे लागले. राजाने दार उघडले होते. गावाने ते लावून घेतले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज गेले. त्यांनी स्थापलेल्या बँकेचा, ग्रंथालयांचा आपण अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. मात्र १९१७ ची आठवणही आपल्याच शहराची आहे. शिकून-सवरून आपल्या शहरात नोकरीला आलेल्या परक्या मुलाला भाड्याने खोली देताना आपण अजूनही आधी आडनाव विचारतो का, हे प्रत्येक घराने स्वतःशी तपासून पाहावे.