पारनेरहून एडिंबरोला

पारनेर हे आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. नगर-पुणे रस्ता सोडून थोडे आत गेले की ते लागते. भोवताली उघडेबोडके डोंगर, मुरमाड जमीन आणि बेभरवशाचा पाऊस असा हा मुलूख. या गावी १२ नोव्हेंबर १८८० रोजी पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म झाला. पुढे सेनापती बापट म्हणून साऱ्या महाराष्ट्राला वंदनीय झाले, ते हेच.

घरची स्थिती बेताची, पण मुलाची बुद्धी तल्लख होती. पारनेरची शाळा संपवून पांडुरंग पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकला. मॅट्रिकची परीक्षा मात्र त्याने नगरहून दिली आणि संस्कृत विषयासाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. नंतर डेक्कन कॉलेजात राहून १९०३ साली तो बी. ए. झाला. याच कॉलेजात असताना नंग्या तलवारीवर हात ठेवून त्याने देशसेवेची शपथ घेतली होती. तरुणपणीच्या शपथा पुष्कळदा वयाबरोबर विरून जातात. ही शपथ विरली नाही.

मुंबईचे दानशूर गृहस्थ मंगळदास नथुभाई यांनी, आपल्या देशातील होतकरू पदवीधरांना युरोपात शिकता यावे म्हणून शिष्यवृत्ती ठेवली होती. ती बापटांना मिळाली. यंत्रशास्त्र शिकण्यासाठी १९०४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते बोटीने विलायतेस निघाले आणि स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे जाऊन राहिले.

ज्याने पारनेरचे ऊन अंगावर घेतले आहे, त्याला एडिंबरोची हवा कशी वाटली असेल याची कल्पना करावी. हे शहर लंडनच्याही पुष्कळ उत्तरेला आहे. डिसेंबरात तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आतच मावळतो. उलट जूनमध्ये रात्री दहा वाजले तरी आकाशात उजेड रेंगाळत असतो. त्या काळी घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटत. त्यांच्या धुराने दगडी इमारती काळवंडून गेल्या होत्या, आणि तेथील लोकच आपल्या नगरीला कौतुकाने धुरकट म्हातारी म्हणत. नव्या विद्यार्थ्याला सारेच नव्याने शिकावे लागे. थंडीत कपडे कसे घालावेत, बेचव जेवण कसे गोड मानून घ्यावे, स्कॉटिश लोकांचे हेल काढून बोललेले इंग्रजी कसे समजून घ्यावे, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. घरी पत्र टाकले तर त्याचे उत्तर हाती पडण्यास निदान एक महिना लागे.

बापट ज्या हेरियट-वॅट कॉलेजात दाखल झाले, त्याची कथा मोठी उद्‌बोधक आहे. १८२१ साली कामगारांना संध्याकाळच्या वेळी विज्ञान शिकता यावे म्हणून तेथील लोकांनी एक शाळा काढली. तिचेच पुढे हे कॉलेज झाले. वाफेच्या यंत्रात मोठी सुधारणा करणाऱ्या जेम्स वॅट यांचे नाव त्याला जोडलेले आहे. आतापर्यंत संस्कृत श्लोकांचे अन्वय लावणाऱ्या बापटांपुढे आता यंत्रांचे आराखडे आले. यंत्राच्या चित्रात रेघ केसभर चुकली तर प्रत्यक्ष भाग एकमेकांत बसत नाहीत. येथे पाठांतराचा उपयोग नव्हता. डोळा, हात आणि गणित यांची सांगड घालावी लागे. याच शहरात एका रायफल क्लबात जाऊन ते नेमबाजीही शिकले. ती केवळ करमणूक नव्हती, हे त्यांची शपथ ज्यांना ठाऊक असेल त्यांना सांगावयास नको.

अशा रीतीने परदेशी विद्यार्थ्याचे आयुष्य अंगवळणी पडत असता एक प्रसंग आला. एडिंबरोतील शेफर्ड सभागृहात हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्य या विषयावर बापटांनी निबंध वाचला. दादाभाई नौरोजींसारख्यांनी वर्षानुवर्षे आकडे मांडून दाखवले होते की हिंदुस्थानचे धन विलायतेस वाहत जात आहे. परंतु राज्यकर्त्यांच्याच देशात, त्यांच्याच लोकांसमोर, एका शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याने परकी राज्याचे दोष उघड सांगावेत, ही गोष्ट वेगळी होती. शिष्यवृत्ती हाच त्याचा निवारा, तेच त्याचे अन्न आणि तीच त्याची फी! मौन पाळले असते तर अभ्यासक्रम पुरा होऊन मोठ्या पगाराची नोकरी मिळाली असती. बापटांनी मौन पाळले नाही. त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली.

सुमारे वीस वर्षांपूर्वी याच शहरात शिकत असलेल्या प्रफुल्लचंद्र राय या बंगाली विद्यार्थ्यानेही ब्रिटिश राज्यावर टीका करणारा निबंध लिहिला होता. त्यांचे शिक्षण मात्र निर्वेध पार पडले आणि ते थोर रसायनशास्त्रज्ञ झाले. मधल्या काळात दिवस पालटले होते. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ पेटली, आणि सरकार हिंदी विद्यार्थ्यांकडे संशयाने पाहू लागले.

यंत्रशास्त्राचे शिक्षण अपुरेच राहिले. लंडनमध्ये श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ साली इंडिया हाऊस हे हिंदी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले होते. तेथील क्रांतिकारकांशी, विशेषतः विनायक दामोदर सावरकरांशी, बापटांचा संबंध आला. त्यांनी पॅरिसला जाऊन बॉम्ब तयार करण्याची विद्या मिळवली आणि १९०८ साली ते स्वदेशी परतले. अलीपूरच्या खटल्यानंतर त्यांना अज्ञातवासात गावोगाव हिंडावे लागले. या भटकंतीत त्यांना एक गोष्ट दिसून आली. देश परक्यांच्या हाती आहे, याची जाणीवच असंख्य लोकांना नव्हती. मग लोकांना जागे करणे हेच त्यांनी आपले काम मानले. पारनेरला असताना ते पहाटे हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडीत.

१९२१ साली पुण्याजवळ मुळशी येथे धरण बांधून वीज निर्माण करण्याचे काम सुरू झाले होते. वीज मुंबईला जाणार होती आणि मावळातील शेतकऱ्यांची घरे व भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. जो तरुण यंत्रविद्या शिकण्यासाठी सातासमुद्रापार गेला होता, तोच या शेतकऱ्यांच्या सत्याग्रहाचा अग्रणी झाला. त्यासाठी त्यांनी वारंवार तुरुंगवास पत्करला. धरण झाले, शेते बुडाली. पण या लढ्यात लोकांनी बापटांना सेनापती हे नाव दिले.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात स्वतंत्र भारताचा ध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. त्या वेळी त्यांचे वय सहासष्ट वर्षांचे होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी देह ठेवला.