ठेक्याला नाव मिळाले, हात मात्र अनामिक राहिले

हिंदी चित्रपटसंगीताच्या वादकवर्गात एक ठेका माणसाच्या नावाने ओळखला जातो. वादक त्याला ‘दत्तू ठेका’ म्हणतात. केरव्याच्या घराण्यातला, ढोलकावर वाजणारा, ऐकताना सोपा आणि हातात बसवताना अवघड असा हा ठेका ज्यांचा, ते दत्ताराम वाडकर मूळचे गोव्याचे. त्यांनी वाजवलेली गाणी आजही घरोघरी ऐकली जातात. ती कोणी वाजवली हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

दत्तारामांचा जन्म १९२९ सालचा. बालपण सावंतवाडीत गेले. गोवा आणि सावंतवाडी यांच्यामध्ये त्या काळी पोर्तुगीज सरहद्द उभी होती, परंतु पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्याच अमलाखाली होते. सोयरीक, जत्रा, दशावतार आणि भजन यांनी ती सरहद्द कधीच मानली नाही. मंदिरातला पखवाज आणि काल्यातली झांज या पट्ट्यातल्या मुलांच्या कानावर अक्षरओळख होण्याआधीच पडत असे.

१९४२ साली वाडकर कुटुंब मुंबईस आले. संगीताची आवड असलेल्या आईने मुलाला तबला शिकण्यासाठी पंढरीनाथ नागेशकर यांच्याकडे धाडले. नागेशकर हेही गोमंतकीय, फोंडा महालातील नागेशीचे. शिस्तीच्या या तालमीत दत्तारामांचा हात तयार झाला. पुढे ढोलकावर त्यांनी जी सफाई दाखवली, तिचा पाया या शास्त्रशुद्ध शिक्षणात होता.

तबल्याइतकाच त्यांना व्यायामाचा नाद होता, आणि नशीब उघडले ते आखाड्यातच. तिथे शंकर यांच्याशी त्यांची ओळख झाली. शंकर हे पृथ्वी थिएटरमध्ये तबला वाजवीत आणि त्यांनाही कसरतीची आवड होती. या ओळखीतून दत्तारामांना पृथ्वी थिएटरचे दार उघडले. १९४९ साली राज कपूर यांच्या ‘बरसात’द्वारे शंकर-जयकिशन ही जोडी संगीतकार म्हणून पुढे आली, तेव्हा दत्तारामही त्यांच्यासमवेत चित्रपटसृष्टीत आले.

प्रारंभी त्यांच्याकडे मुख्यतः तालमीचे आणि साहाय्याचे काम होते. ‘आवारा’च्या (१९५१) वेळी एका गीताच्या ध्वनिमुद्रणास नेहमीचे ढोलकवादक येऊ शकले नाहीत आणि शंकर यांनी दत्तारामांना ढोलक घेऊन बसावयास सांगितले, अशी हकिकत सांगितली जाते. त्या काळी गायक, वाद्यवृंद आणि ताल यांचे ध्वनिमुद्रण एकत्रच होई. एकाची मात्रा चुकली की साऱ्यांना पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागे. अशा वेळी नवख्या तालवादकावर विसंबणे हे धाडसच होते. दत्तारामांनी ते सार्थ ठरवले आणि तेथून ढोलक त्यांच्या हाती कायमचे आले.

शंकर-जयकिशन यांच्या कामाची व्यवस्था पुढे दोन गोमंतकीयांच्या खांद्यांवर उभी राहिली. वाद्यमेळाची रचना आणि स्वरलेखन सॅबेस्टियन डिसोझा यांच्याकडे असे, तर तालविभाग दत्तारामांकडे. एकाची परंपरा चर्चमधल्या व्हायोलिनची, दुसऱ्याची देवळातल्या तालवाद्यांची. गोव्यात शेजारी शेजारी नांदणाऱ्या या दोन परंपरा मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात एकाच गीतात मिसळल्या. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘साहाय्यक’ म्हणून ही दोन नावे क्षणभर झळकत. ग्रामोफोनच्या तबकडीवर मात्र त्यांना जागा नसे. तिच्यावर गायक आणि संगीतकार यांची नावे असत, वादकांची नसत.

स्वतंत्र संगीतकार होण्याची संधी राज कपूर यांनीच दिली. ‘अब दिल्ली दूर नहीं’ (१९५७) या आर. के. फिल्म्सच्या बालचित्रपटाचे संगीत त्यांनी शंकर-जयकिशन यांच्याऐवजी त्यांच्या साहाय्यकाकडे सोपवले. त्यातील महंमद रफी यांनी गायलेले चिमणीचे बालगीत आजही मुलांच्या ओठी आहे. पाठोपाठ ‘परवरिश’ (१९५८) आला. मुकेश यांनी त्यात गायलेल्या करुण गीताने दत्तारामांची कीर्ती कायम केली. गीताची चाल विलंबित दुःखाची, पण तिच्याखाली ढोलक मंद, अखंड चालीने पुढे जात राहते. शोकगीताला इतका वाहता ठेका देण्याचे धैर्य तालवादक असलेल्या संगीतकारालाच सुचू शकले असते. चाल आणि ठेका येथे एकाच मनातून आले होते.

पुढे ‘कैदी नंबर ९११’, ‘श्रीमान सत्यवादी’, ‘काला आदमी’, ‘जिंदगी और ख्वाब’ असे चित्रपट त्यांना मिळाले. गाणी गाजली; चित्रपट मात्र बहुधा मध्यम खर्चाचे होते आणि पहिल्या श्रेणीच्या संगीतकारांत त्यांची गणना झाली नाही. नावाचाही घोटाळा होई. पेडणे महालातील आरोबा गावचे दत्ता नाईक हे एन. दत्ता या नावाने ‘साधना’ आणि ‘धूल का फूल’चे संगीतकार म्हणून त्याच काळात गाजत होते. गोव्याच्या या दोन दत्तांची गाणी श्रोते आजही एकमेकांच्या नावावर घालतात.

आपल्याच चित्रपटसंगीतात स्वतः वाद्य घेऊन बसलेले संगीतकार भारतात आणखीही झाले. ‘आँधियाँ’साठी अली अकबर खाँ यांनी सरोद वाजवली, ‘पथेर पांचाली’त रविशंकर यांची सतार आहे, ‘सिलसिला’त शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी. परंतु ही वाद्ये मैफिलीत अग्रभागी बसणारी होती आणि कलावंतांचे नाव चित्रपटाआधीच मोठे होते. ढोलक हे साथीचे वाद्य. ते उत्तम वाजले तर श्रोत्याचे लक्ष गायकाकडे जाते, बिघडले तरच वादकाकडे वळते.

म्हणूनच दत्तारामांचा एक निर्णय विशेष लक्षात घ्यावा लागतो. स्वतंत्र संगीतकार झाल्यावरही त्यांनी शंकर-जयकिशन यांचा तालविभाग सोडला नाही. स्वतःचे नाव पडद्यावर संगीतकार म्हणून येत असताना ते दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणात साहाय्यक म्हणून उभे राहत. महत्त्वाकांक्षेच्या हिशेबात हे नुकसानीचे ठरले, असे म्हणता येईल. निर्मात्यांच्या नजरेत साहाय्यक हा साहाय्यकच राहतो. परंतु त्या काळातील शंकर-जयकिशन यांच्या गीतांना जी एकसंध चाल लाभली, तिचे मोल या निष्ठेने चुकते केले आहे.

१९७१ साली जयकिशन यांचे निधन झाले आणि ते युग ओसरले. चित्रपटसंगीताचा ताल हळूहळू यंत्रांकडे गेला. दत्ताराम गोव्यात परतले आणि ८ जून २००७ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या चित्रपटांची नावे अनेकांच्या स्मरणातून गेली आहेत. मात्र पेडण्यापासून डिचोलीपर्यंत एखाद्या गावच्या जत्रेत जुने हिंदी गीत लागते आणि ऐकणाऱ्याची बोटे नकळत मांडीवर ठेका धरतात, तेव्हा तो ठेका बहुधा दत्तारामांचा असतो.