एडविन ॲबट ॲबट : एका चौरसाचा चरित्रकार

उपरोध या लेखनप्रकाराचा अभ्यास करताना एक प्रश्न सतत समोर येतो. ज्या व्यवस्थेत लेखक स्वतः मानाने वावरतो, त्याच व्यवस्थेतील विषमता त्याने कशी दाखवावी? या दृष्टीने एडविन ॲबट ॲबट यांचे चरित्र पाहण्यासारखे आहे.

ॲबट यांचा जन्म २० डिसेंबर १८३८ रोजी लंडन येथे झाला. वडील मुख्याध्यापक होते. सिटी ऑफ लंडन स्कूल आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. १८६१ मध्ये ग्रीक-लॅटिनच्या परीक्षेत त्यांनी प्रथम क्रमांक मिळवला. पुढे त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि १८६५ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, ते आपल्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले. पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ हे त्यांचे विद्यार्थी. शेक्सपिअरच्या भाषेचे व्याकरण लिहून ॲबट यांनी अभ्यासक म्हणूनही नाव मिळवले. स्त्रीशिक्षणाचेही ते पुरस्कर्ते होते.

अशा या प्रतिष्ठित गृहस्थाने १८८४ मध्ये 'फ्लॅटलंड' ही छोटी कादंबरी टोपणनावाने प्रसिद्ध केली. तिचा निवेदक आहे एक चौरस. त्याच्या जगाला लांबी-रुंदी आहे, उंची नाही. तेथे माणसाची पायरी त्याच्या बाजूंवरून ठरते. शिपाई आणि मजूर समद्विभुज त्रिकोण, मध्यमवर्ग समभुज त्रिकोण, प्रतिष्ठित व्यावसायिक चौरस व पंचकोन, त्यांच्यावर बहुभुज सरदार आणि सर्वांत वर वर्तुळाकार धर्मगुरू. स्त्रिया मात्र केवळ सरळ रेषा. ज्याची आकृती अनियमित, तो जन्मतःच संशयित. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी ही उतरंड म्हणजे व्हिक्टोरियन इंग्लंडच होय, हे आपल्या लक्षात येईल.

काही वाचकांनी चौरसाची मते हीच लेखकाची मते मानली आणि ॲबट यांच्यावर स्त्रीद्वेषाचा आरोप झाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी या आक्षेपाला उत्तर दिले. निवेदक आणि लेखक यांत भेद करणे का आवश्यक असते, हे या प्रसंगावरून ध्यानात घ्यावे.

कथेचा गाभा पुढेच आहे. चौरस स्वप्नात रेषेच्या देशात जातो. तेथील राजाला दुसरी मिती पटत नाही. नंतर एक गोल चौरसाला तिसऱ्या मितीचे दर्शन घडवतो. चौरस उत्साहाने चौथ्या मितीविषयी विचारतो, तेव्हा गोलच संतापतो. दुसऱ्याचे अज्ञान दाखवणाऱ्यालाही स्वतःची मर्यादा दिसत नाही, हे येथील मर्म आहे. अखेर नव्या ज्ञानाचा उच्चार केला म्हणून चौरसाला तुरुंगवास घडतो. शिक्षक आणि धर्मोपदेशक असलेल्या ॲबट यांनी हा उपरोध ज्ञान देणाऱ्यांवरही, म्हणजे स्वतःच्या वर्गावरही उलटवला आहे.

१८८९ मध्ये निवृत्त होऊन त्यांनी उर्वरित आयुष्य धर्मविषयक लेखनाला वाहिले. आइनस्टाइनच्या सिद्धांताची चर्चा सुरू झाल्यावर, १९२० मध्ये, 'नेचर' या नियतकालिकातील एका पत्राने या कादंबरीची नव्याने आठवण करून दिली. १२ ऑक्टोबर १९२६ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे ॲबट यांचे निधन झाले. त्यांचे विद्वत्तापूर्ण ग्रंथ आज फारसे कोणी वाचत नाही; वाचली जाते ती ही छोटी कादंबरी.

आता आपणच विचार करावा : आपल्या भोवतीच्या समाजात माणसाच्या 'बाजू' कोण मोजतो, आणि आपण स्वतः कोणाच्या मोजतो?